आधी टेबल बघा
वेल्डिंगचं काम सुरू करताना काय घ्यावं असं विचारलं की मोठं मिग मशीन (वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन) घ्या असं सांगतात, ते बरोबरच आहे, पण ज्यावर काम जुळवायचं त्या टेबलाबद्दल कुणीच बोलत नाही. मी सुरुवातीला जमिनीवरच फ्रेम जुळवायचो, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की चारही कोपरे चोख, आणि वेल्डिंग झाल्यावर बघावं तर एक कोपरा ३-४ मिमी उचललेला, कारण वेल्ड गार होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. १२ मिमी प्लेटचं लेव्हल केलेलं टेबल आणि काम टेबलाला घट्ट पकडून ठेवायला डझनभर सी-क्लॅम्प (स्क्रूचे शिकंजे) घेतले तेव्हा कुठे हे आटोक्यात आलं. टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारले की फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच पुढे.

आणि ग्राइंडर दोन घ्याच, एकाला कटिंग व्हील, दुसऱ्याला फ्लॅप डिस्क (घासून गुळगुळीत करायची चकती), नाहीतर सारखी अदलाबदल करताना घाईत गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढून ठेवला जातो, ते फार धोक्याचं.