एआय चिपवाल्या छोट्या कंपन्यांत पैसे घालावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. एकेका रॅकचा लोड किती वाढत चाललाय ते रोज मीटरवर बघतो, त्यामुळे एआयची मागणी खोटी नाही याची मला खात्री आहे. गावच्या जमिनीच्या वाटणीतून ४ लाख आलेत. एनव्हिडिया फार वर गेला, आता छोट्या चिप कंपन्या धराव्यात, असं चुलत मेहुण्याचं म्हणणं. बायको म्हणते, लेकीच्या बारावीनंतर हेच पैसे लागणार आहेत. तिचं मला पटतं, म्हणूनच आधी विचारतोय.

थोडं वाचलं आणि धास्तावलो. ब्रिटनच्या ग्राफकोर या एआय चिप कंपनीचं मूल्य २०२० च्या अखेरीस सुमारे २.८ अब्ज डॉलर धरलं होतं. चिप चांगली होती म्हणतात, पण गिऱ्हाइकं जमली नाहीत आणि २०२४ मध्ये सॉफ्टबँकेने ती विकत घेतली. अमेरिकेच्या सेरेब्रास या दुसऱ्या चिप कंपनीने आयपीओसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये जे कागद दाखल केले त्यात, त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीतलं ८७ टक्के उत्पन्न अबुधाबीच्या जी४२ या एकाच गिऱ्हाइकाकडून, असं दिसतं. एवढी नावाजलेली कंपनी आणि सगळा भार एका खांबावर!

शिवाय यांचा स्वतःचा कारखाना नसतो. डिझाइन यांचं, बनवायचं बहुतेक तैवानच्या टीएसएमसीकडे, आणि तिथे एनव्हिडिया, ॲपल आधीच रांगेत. त्यात प्रोग्रामर मंडळींचा हात २००७ पासून क्युडा या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. नुसती वेगवान चिप काढून ते सोडतील का?

तर माझा प्रश्न: अशा कंपनीच्या अहवालात माझ्यासारख्याने सगळ्यात आधी काय बघावं? आणि परदेशी शेअर घेतले तर आपल्याकडे टॅक्सचं काय?

प्रतिसाद (वाशी): दादा, वहिनींचं ऐका, शिक्षणाचे पैसे बाजूला काढा. उरलेल्यातले बुडाले तरी चालतील तेवढेच घाला. अमेरिकेत लिस्टेड कंपनीचा १०-के (वार्षिक) अहवाल एसईसीच्या, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या, एडगर साइटवर फुकट मिळतो. १० टक्क्यांहून जास्त उत्पन्न देणारी गिऱ्हाइकं त्यात सांगावी लागतात, ते आधी वाचा. मग हातातली रोकड आणि दर तिमाहीला कामकाजात जाणारी रोकड, यांचा भागाकार करा. किती तिमाह्या तग धरेल ते कळेल. दोन वर्षांपूर्वी एकूण शेअर किती होते आणि आता किती, हेही बघा. नवे शेअर काढकाढून चालत असेल तर तुमचा वाटा दरवर्षी बारीक होतो.

टॅक्सचं म्हणाल तर एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, नाही. पण एक शेअर घेतला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, आणि ते जानेवारी ते डिसेंबर धरून. इथे बरेच जण चुकतात.

मूळ प्रश्नकर्ता: मनापासून आभार. काल रात्रपाळीनंतर मेहुण्याने सुचवलेल्या कंपनीचा अहवाल उघडला. रोकड जेमतेम तीन तिमाह्यांची, शेअर दोन वर्षांत दुपटीहून जास्त. ती यादीतून काढली. लेकीचे अडीच लाख आजच एफडीत टाकले. आता एकच शंका: त्याच अहवालात वॉरंटचा (ठरल्या भावाने पुढे नवे शेअर घ्यायचा हक्क) मोठा आकडा आहे. तेही उद्याचे शेअर म्हणून आत्ताच मोजायचे का?