देवाला थेट सांगता येतं, मग फादर कशाला?

बांधावरचा (वसई)
काल कुणीतरी इथे टाकलं होतं: "पाप देवाविरुद्ध, मग सांगायचं माणसाच्या कानात? कॅथलिकांचं पापनिवेदन म्हणजे शनिवारी धुवा, रविवारी घाला, सोमवारी पुन्हा मळवा." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. गप्प बसणार होतो, पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहितो. लांबेल.

माझ्या आजोबांनी सख्ख्या भावाच्या वाडीत बांध सरकवला होता. दीड हात. पण तेवढ्यात केळीची अख्खी ओळ आमच्याकडे आली. वर्षभर ते रोज देवाला थेटच सांगत होते, संध्याकाळची जपमाळ एक दिवस चुकली नाही. देवाने हरकत घेतली नाही. मग ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदनाला फादरपुढे गुडघे टेकले, तर फादर म्हणाले, "आधी बांध मागे घे, मग ये." त्याच रात्री आजोबा कुदळ घेऊन वाडीत गेले.

थेट सांगण्यात सोय असते. आरोपी आपण, वकील आपण, न्यायाधीशही आपणच. निकाल काय लागणार ते सांगायला हवं का? समोर माणूस बसला की जीभ अडखळते. ती अडखळण्यासाठीच तर जायचं.

नगरी_मिसळ
गोष्ट भारी आहे राव. पण बांध फादरने हलवला की कुदळीने?

बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ ला काय आहे? "आपण आपली पापे पदरी घेतली". पदरी, म्हणजे कबूल केली! फादरच्या कानी नाही. आणि हे वर्षातून एकदा तरी कानात सांगायचंच, हा नियम झाला १२१५ साली, लॅटरनच्या धर्मसभेत. त्याआधी बाराशे वर्षं ख्रिस्ती माणूस काय पापं साठवून ठेवत होता?

आम्ही प्रोटेस्टंट. माझी आई प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी जावेच्या घरी जायची. बोलणं बंद असलं तरी जायची. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तयात लिहिलंय म्हणून. एका वर्षी काकूंनी दारच उघडलं नाही, तर आईने रविवारी प्याला पुढे जाऊ दिला. ना पापनिवेदनाचा खोका, ना त्यातली जाळी, ना दहा मणी जपमाळेची शिक्षा.

बांधावरचा
आई थोर. तुमच्या मंडळीत तशा किती आहेत तेही सांगा. बाकीचे काय करतात? सगळे एका सुरात छापील पापांगीकार म्हणतात आणि खाली बसतात. "आम्ही पाप केले." कोणी, कधी, कुणाचं, किती? पत्ता नाही. आमचा किरकोळ धंदा, तुमचा ठोक.

१२१५ ला वर्षातून एकदा ही सक्ती आली, प्रथा तिच्या कितीतरी आधीची. आणि याकोब ५:१६ तुमच्या पुस्तकातून फाटलंय का? "एकमेकांजवळ कबूल करा" म्हणतो तो. प्रोटेस्टंटांचा मूळपुरुष, खुद्द लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत खाजगी पापकबुली ठेवली होती.

नगरी_मिसळ
लूथरचं बिल आमच्या नावावर फाडू नका. आमचं मूळ अमेरिकन मराठी मिशन, १९७० पासून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आणि याकोब "एकमेकांजवळ" म्हणतो ना? मग फादर तुमच्याजवळ कधी कबूल करतात?

बांधावरचा
ते दुसऱ्या फादरकडे जातात. पोपसुद्धा गुडघे टेकतो.

नगरी_मिसळ
म्हणजे युनियनमधल्या युनियनमध्ये. १९०५ ला केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली सगळ्यांसमोर रडत पापं कबूल करत होत्या. कुठला फादर होता तिथे?

उगाच_आलो
मी तिसरीत असताना माझं पहिलं पापनिवेदन झालं. रांगेत उभा आणि पापच आठवेना. पुढचा म्हणाला, माझी घे. "तीनदा खोटं बोललो, दोनदा आईला उलट बोललो." हा आकडा मी बारावीपर्यंत बदलला नाही. फादरनाही पाठ झाला असणार. मी आयुष्यात नेमाने खोटं बोललो असेन तर त्याच जाळीसमोर. आता जात नाही.

आणि २०२० च्या मार्चमध्ये करोनात रोमने काय सांगितलं? प्रसंग तसाच गंभीर असेल तर बिशप सामूहिक क्षमेला परवानगी देऊ शकतात. म्हणजे अडलं की खोक्याशिवाय चालतं.

बांधावरचा
पुढची अट वाचली नाहीस. गंभीर पाप असेल तर संकट टळल्यावर एकेकट्याने जाऊन सांगायचंच असतं. क्षमा उधारीवर नव्हती, सांगणं उधारीवर होतं. बाकी तिसरीतल्या पोराला पाप आठवत नाही ही तक्रार आहे की फुशारकी?

सांजवेळ
तुमचं वचनांचं क्रिकेट संपलं असेल तर बोलू?

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका फादरनी असे प्रश्न विचारले, जे माझ्या डॉक्टरनेही विचारले नव्हते. मी रागावर सांगत होते, सासूशी भांडले म्हणून. फादर आमच्या नवरा-बायकोच्या खोलीत काय होतं तिकडे वळले. बाहेर आले तेव्हा पाय थरथरत होते. त्यानंतर तेरा वर्षं मी पापनिवेदन न करता सरळ कम्युनियनच्या रांगेत लागते.

२०१८ मध्ये केरळात एका बाईच्या पापनिवेदनाचा वापर करून पाद्र्यांनी तिला ब्लॅकमेल केल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा म्हटलं, तर सगळी चर्चेस एका रात्रीत एक झाली: श्रद्धेवर हल्ला! मलाही बंदी नको आहे. पण त्या गदारोळात आम्हा बायकांना कुणी विचारलं का, की तुम्हाला आत काय वाटतं?

बांधावरचा
ताई, ते पाद्री मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचे होते, कॅथलिक नव्हेत.

सांजवेळ
वा! पंथ चुकला म्हणून बाई सुटली का?

बांधावरचा
नाही. चुकलं माझं, तो मुद्दा इथे काढायला नको होता. तुमच्याशी जे झालं ते नियमालाही धरून नाही. चर्चच्या कायद्यात कलम ९७९ मध्ये प्रश्न जपून, विवेकानेच विचारावेत असं स्पष्ट आहे.

सांजवेळ
कलम फादरच्या कपाटात. आत मी एकटी.

कोर्टाची_पायरी
एक कायदेशीर गोष्ट कुणी बोलत नाहीये. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात वकील-अशिलाचं बोलणं सुरक्षित, नवरा-बायकोचं सुरक्षित. पाद्र्याचं नाव त्यात कुठेच नाही, १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला त्यातही नाही. उलट चर्चचा नियम असा की फादरने थेट गुपित फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत. म्हणजे न्यायाधीशाने विचारलं तर फादर अडकित्त्यात.

आंबोलीचा_पाऊस
सांजवेळ ताई, तुम्हाला निदान प्रश्न कळले तरी. आमच्या सावंतवाडीकडे पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. माझ्या आजीची सगळी जिंदगी कोकणीत गेली. नवीन पाद्री आले ते बाहेरचे, त्यांना हिंदी आणि इंग्रजी. कुमसार करून घरी आली आणि म्हणाली, "मी सांगितलं, त्याला काय समजलं ते त्याला ठाऊक." मरेपर्यंत तिच्या मनात तेच, की आपली क्षमा लागू झाली की नाही.

बांधावरचा
हे मात्र शंभर टक्के! आमच्याकडे मराठी मिस्सा पहाटे सहाला आणि इंग्लिश साडेआठला. झोप कुणाची महत्त्वाची ते यात आलं. पोरं आमची सामवेदी बोली विसरली, मराठी विसरायला लागली, आता पापंही इंग्रजीत करणार.

उगाच_आलो
पोरांना इंग्रजी शाळेत कुणी घातलं? फादरनी?

बांधावरचा
तू आमच्या घरात येऊ नकोस.

नगरी_मिसळ
यात मात्र आम्ही पुढे, बरं का. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडे अजून पेटी-तबल्यावर होतात. तुम्ही उपासनेत लॅटिनमधून बाहेर पडलात तेच मुळी साठच्या दशकात.

बांधावरचा
आणि नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेशाला रांग कुणाची असते? टिळकांच्या नातवंडांची?

आंबोलीचा_पाऊस
सामवेदी, मराठी म्हणताय, पण आमच्या कोकणीचं कुणीच बोलत नाही. रोमी लिपीतली पुस्तकं गोव्याहून येतात, आमच्या मुलांना देवनागरी येते. मग प्रार्थना वाचणार कोण?

सांजवेळ
तुम्ही बायकोशी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत पाप सांगता आलं पाहिजे. एवढं साधं आहे. बाकी वाद घाला.

कोर्टाची_पायरी
चर्चच्या कायद्यात दुभाष्याची सोय आहे, कलम ९९०. त्यानेही गुपित पाळायचं असतं.

उगाच_आलो
गावातला दुभाषा? त्यापेक्षा लाऊडस्पीकर लावा.

कोर्टाची_पायरी
माझा आधीचा मुद्दा कुणीच वाचला नाही वाटतं.

नगरी_मिसळ
वाचला. गुपित गुपित म्हणता, मग आजोबांची गोष्ट यांना कशी कळली? फादर फुटले का?

बांधावरचा
आजोबांनी स्वतः सांगितली, आजीला आणि मग आम्हा सगळ्यांना. बंधन ऐकणाऱ्यावर असतं, सांगणाऱ्यावर नाही. एवढं तरी माहीत असूद्या.

नगरी_मिसळ
ठीक. बांध मागे गेला हे मान्य. फादरांनी "क्षमा झाली, जा" म्हणून वाटेला लावलं नाही, तेही मान्य. आमच्या छापील पापांगीकाराने कुणाची कुदळ हललेली मी अजून पाहिलेली नाही. आता खूश?

बांधावरचा
तुझ्या तोंडून एवढं आलं, भरून पावलो.

विहिरीकाठी
दादा, मी पहिल्यांदाच लिहितेय. केळीची ओळ वाचली आणि ओळखलंच. ही गोष्ट आमच्याही घरात सांगतात, कारण तो भाऊ म्हणजे माझे आजोबा. फक्त आमच्याकडे आकडा वेगळा आहे. बांध सरकला होता अडीच हात, मागे आला दीड. उरलेल्या हातावर आता तुमच्या विहिरीची मोटर आहे.

बांधावरचा
बाय, तू? फोन कर. इथे नको.

नगरी_मिसळ
इथे का नको? याकोब ५:१६.