प्रतिसाद: उलटतपासणीचा खर्च कोण करणार?

"जीएम (जनुकांत बदल केलेल्या) पिकांची तपासणी कंपनीच्याच पैशाने होते, मग निकाल दुसरा काय लागणार?" हा वरचा मुद्दा मला अर्धाच पटतो. कंपनीने आपल्या बियाण्याची माहिती आपल्या खर्चाने द्यावी, बरोबरच आहे. पण ती पडताळून बघणाऱ्याच्या खिशात दमडी नसते, खरी गोम तिथं आहे. अमेरिकेत ही सोय कायद्यातच आहे. तिथलं कृषी खातं जैवतंत्रज्ञानाच्या संशोधनावर जेवढं खर्चतं, त्यातले किमान २ टक्के धोक्यांच्या अभ्यासासाठी बाजूला काढावे लागतात. १९९० च्या कायद्यात १ टक्का होता, पुढे वाढवला.

आमची शेती वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठची वांगी. बांधावर डोरली, काटेरिंगणी ही वांग्याचीच रानटी भावंडं (आजी डोरलीची भाजी करायची). सकाळी भुंगा फुलाला लटकतो, घुर्रर्र करून पराग झाडतो आणि बघता बघता नाहीसा होतो. वांगं जीएम असेल, तर त्याचा पराग घेऊन तो पुढे बांधावरच्या कुठल्या फुलावर बसला, त्यातून बी धरलं का, हे बघायला दोन-चार हंगाम बांधावर माणूस बसवावा लागेल. त्याचा पगार? २०१० साली बीटी वांगं (अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जीएम वांगं) थांबवलं, तेव्हा स्वतंत्र अभ्यास हवेत हे एक कारण होतंच.

आणि परवानगीनंतरचं काय? बीटी कापूस २००२ साली आला, गुलाबी बोंडअळी नंतर त्याला पचवून बसली. लक्ष ठेवायचा खर्च मंजुरीच्या दिवशी संपत नाही, तो पिकासोबत चालू राहायला हवा.