बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन: सर्वकालीन सर्वोत्तम रिबाउंडर, की आकड्यांमागे धावलेला खेळाडू?

स्ट्राँगसाइड: एनबीए या अमेरिकन लीगमध्ये विल्ट चेंबरलेनचे 1960-61 मध्ये सामन्याला 27.2 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), डेनिस रॉडमनचे 1991-92 मध्ये 18.7. एवढ्यावरून चेंबरलेनला वर बसवणं मला मुळीच पटत नाही. तेव्हा नेम कच्चे होते आणि खेळ पळापळीचा. एकेका संघाला सामन्यात सत्तरच्या घरात रिबाउंड मिळत, रॉडमनच्या काळात जेमतेम 43-44. चेंबरलेन जवळजवळ पूर्ण 48 मिनिटं खेळायचा, रॉडमन त्या हंगामात 40. म्हणून हिशोब वेगळा हवा: खेळाडू मैदानात असताना हुकलेल्या शॉट्सपैकी किती टक्के चेंडू त्याने उचलले? मैदानात दहा जण, म्हणजे सरासरी वाटा 10 टक्के. रॉडमनचा कारकिर्दीभराचा वाटा 23.4, आणि 1994-95 मध्ये 29.7! तोही 6 फूट 7 इंच उंचीवर, चेंबरलेनपेक्षा अर्धा फूट कमी असताना.

वीकसाइड: टक्केवारी मान्य, निष्कर्ष नाही. तुम्ही ज्या 1994-95 चा दाखला देताय, त्याच हंगामाचा शेवट बघा. रॉडमनच्या सॅन अँटोनिओने 62 सामने जिंकले होते, लीगमध्ये सर्वाधिक. वेस्टर्न फायनलमध्ये (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेत) समोर ह्यूस्टन. रॉडमनने अडवायचा होता तो रॉबर्ट होरी. त्या वर्षी तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला तीन गुण) जवळ आणून 22 फुटांवर ठेवलेली, आणि होरी बाहेर राहूनच खेळणारा. रॉडमन मात्र रिंगखाली सरकायचा, कारण चेंडू तिथे पडतो. पहिला सामना 94-93 असा गेला, तो मोकळ्या होरीच्या शेवटच्या शॉटवर. मालिका 4-2 ने हातची गेली. आपला माणूस सोडून मिळवलेला रिबाउंड संघाला महागात पडतो.

दुसरीउडी: वीकसाइड, त्या मालिकेत ह्यूस्टनचा ओलाजुवॉन सामन्याला 35 गुण घेत होता. आपल्या डेव्हिड रॉबिन्सनला एकट्याला तो आवरत नव्हता, आत कुणीतरी मदतीला हवंच होतं.

रॉडमनचं खरं कसब हुकलेल्या शॉटवर दिसतं. कोपऱ्यातून हुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, लांबून मारलेला लांब उसळतो. कोणाचा चेंडू हवेत किती फिरतो हे तो पाठ करून ठेवायचा आणि चेंडू रिंगला लागायच्या आधीच तिकडे निघायचा. दोन्ही हातांत धरता येत नसेल तर बोटांनी टोलवून चेंडू जिवंत ठेवायचा, पाय टेकले की लगेच पुन्हा उडी. अवजड सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) पहिल्या उडीनंतर गुडघे वाकवून जोर घेईपर्यंत याची दुसरी उडी झालेली असे.

शिकागोकडून खेळतानाची 1996 ची सिएटलविरुद्धची फायनल काढून बघा. दुसऱ्या सामन्यात 20 रिबाउंड, सहाव्यात 19, आणि दोन्हींत 11-11 ऑफेन्सिव्ह, म्हणजे आपल्याच संघाच्या हुकलेल्या शॉटवरचे. फायनलमधल्या विक्रमाशी बरोबरी होती ती. प्रत्येक ऑफेन्सिव्ह रिबाउंड म्हणजे संघाला आणखी एक संधी. शिकागोने मालिका 4-2 ने जिंकली.

वीकसाइड: शिकागोचं मान्य. पण तिथे जॉर्डन आणि पिपेन होते, बाहेरचं ते सांभाळायचे. 1991-92 मध्ये डेट्रॉइटकडे 18.7 वाला रॉडमन होता, तरी संघ पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून 3-2 ने बाहेर. शिवाय फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा शॉटचा) नेम 58 टक्के, म्हणजे अटीतटीच्या शेवटी त्याला मैदानात ठेवणं धोक्याचंच.

स्ट्राँगसाइड: तोच धोका गृहीत धरून डिसेंबर 1997 मध्ये डलासने बब्बा वेल्सला मुद्दाम रॉडमनवर फाउल करायला पाठवलं. वेल्स तीन मिनिटांच्या आत सहा फाउल, म्हणजे मर्यादा संपवून बाहेर गेला. रॉडमनने 12 पैकी 9 फ्री थ्रो टाकले आणि सामनाही शिकागोने जिंकला.

वीकसाइड: एका रात्रीने कारकिर्दीची सरासरी बदलत नाही. 1990 आणि 1991 चा सर्वोत्तम बचावपटू तो होताच, आणि तो रॉडमन मला 18.7 वाल्यापेक्षा मोठा वाटतो. तेव्हा तो आधी आपला माणूस धरायचा, मग चेंडू.

दुसरीउडी: त्या दोन्ही वर्षी तो बहुतेक वेळ लॅरी बर्डसारख्या फॉरवर्डच्या मागे रिंगपासून दूर असायचा. नंतर तो आत आला आणि सलग सात हंगाम लीगमध्ये पहिला राहिला. माणूस तोच, मैदानातली जागा बदलली.