ताट पुढे गेलं तेव्हा धरलं कोणी होतं?

कोथरूडकर: आमच्या सोसायटीत एक ताई पार्किंगमध्ये भटक्या कुत्र्यांना पोळ्या घालतात. त्यावरून ग्रुपवर त्यांचा फोटो पडला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझा. मला कुत्र्यांचा त्रास नाही, ताईंशी भांडण नाही. तरी गणपतीत आरतीचं ताट त्यांच्या दारावरून तसंच पुढे गेलं, आणि ताट माझ्याच हातात होतं. मला वाटतं, हे सगळं भीतीपोटी. गप्प राहिलो तर "तुम्ही त्यांच्या बाजूचे का?" ही नजर. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला: भीती कसली! मजा येते हो, फुकटात न्यायाधीश होता येतं. पुण्याची जुनी खोड. ऑक्टोबर १८९० मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. पार शंकराचार्यांपर्यंत. चहासाठी!

कोथरूडकर: हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण. रानड्यांसारख्या माणसाने १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, ते काय चहा पाप वाटला म्हणून? वाळीत पडलं की श्राद्धाला भटजी मिळत नाही, सोयरिकी अडतात. आणि त्याच्या पंक्तीला जो बसेल तोही वाळीत. म्हणजे टाकणाऱ्यांनाही तोच धाक.

सिंहगडरोडची मावशी: सगळ्यालाच एका मापाने मोजू नका. माझ्या मैत्रिणीला साहेबाचा त्रास होता. तक्रार समितीकडे अर्ज महिनोन्महिने पडून. शेवटी तिने चारचौघांत नाव घेतलं. मी साथ दिली, पुन्हा देईन.

पेठेतला: मावशी, ते वेगळं, मान्य. पण अंगठा देणाऱ्याला हा फरक कुठे कळतो?

सिंहगडरोडची मावशी: न कळायला काय झालं? साहेबाची खुर्ची अजून शाबूत आहे. त्या कुत्रेवाल्या ताईंकडे कोण चहाला जातंय, ते बघा.

वकीलकाका: सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या जाचातून तो आला. पण कायदा कुठलाही असो, साक्ष कोण देणार? ताट धरणारेच ना?

कोथरूडकर: काका, टोमणा पोचला. काल मोदक घेऊन ताईंच्या दाराशी गेलो होतो. समोरच्या काकूंचं दार उघडं दिसलं. बेल न दाबता वर आलो.