घरचे ओट्स-लाह्यांचे बार: एकदा भुगा, एकदा दगड. नक्की काय चुकतंय?

डबा_रोजचा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. लेक आठ वर्षांची आहे, शाळा सुटली की घरी न येता तशीच बॅडमिंटनला जाते, म्हणजे साडेबाराला डबा खाल्ला की थेट संध्याकाळी साडेसहाला घर. मधे चार वाजता काहीतरी पोटात जायला हवं, हात न बरबटता खाता यायला हवं आणि दप्तरात सांडायला नको. विकतचे बार आणून बघितले, एक तर महाग आणि पाकिटामागे वाचलं तर साखर, ग्लुकोज सिरप हे पहिल्या तीन-चार नावांतच. म्हणलं घरीच करू.

आत्तापर्यंत तीनदा केले. पहिल्यांदा २ वाट्या ओट्स, २ वाट्या कुरमुरे, वाटीभर दाणे आणि अर्धी वाटी गूळ, नुसता वितळवून घातला. कापायला घेतलं तर सगळा भुगा, चमच्याने खाल्ला आम्ही. दुसऱ्यांदा गूळ वाढवला आणि पाक चांगला उकळू दिला तर असा दगड झाला की लेक म्हणाली, आई दात दुखतोय. तिसऱ्यांदा कुरमुऱ्यांऐवजी ज्वारीच्या लाह्या घेतल्या, त्या दिवशी मस्त झाले, मी खूश, पण बाहेर धो धो पाऊस आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळे मऊ पडून एकमेकांना आणि बटर पेपरला चिकटलेले. ओव्हन नाहीये माझ्याकडे, गॅस आणि कढई एवढंच. कुणी नेमकं सांगेल का कुठे चुकतंय? तिला ते खरंच आवडतात, त्यामुळे सोडून द्यायची इच्छा नाही.

पाकाची_गोळी:
अगं तुझे तिन्ही प्रॉब्लेम वेगळे आहेत, पण पहिले दोन पाकापाशीच अडलेत. तिळाच्या मऊ वड्या करतेस ना संक्रांतीला? तोच पाक हवा, चिक्कीचा नको. वाटीत गार पाणी घे, पाकाचा थेंब टाक. पाण्यात पसरला तर अजून कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला की लगेच गॅस बंद. तीच गोळी ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजायला लागली तर तो चिक्कीचा पाक झाला, तुझा दगड तिथेच झालाय. आणि या दोन्हींच्या मधे फार तर दीड-दोन मिनिटं असतात गं, फोन आला तरी घ्यायचा नाही. जाड बुडाची कढई गॅस बंद केल्यावरही तापलेलीच असते, पाक आत शिजत राहतो, म्हणून मी गोळी जमायच्या किंचित आधीच बंद करते.

गूळ कुठला वापरलास? दुकानात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तो कडकच होणार. आपला रोजचा साधा गूळ घे.

दुसरं म्हणजे वाटीने मोजू नकोस, काट्यावर मोज. कुरमुऱ्यांची वाटी पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि दाण्यांची शंभराच्या वर जाते, त्यामुळे वाट्यांचं प्रमाण दर वेळी हुकतं. माझं ठरलेलं असं आहे: ओट्स १०० ग्रॅम, लाह्या किंवा कुरमुरे ४० ग्रॅम, भाजून सोललेले भरड दाणे ६० ग्रॅम, म्हणजे कोरडं सगळं मिळून २०० ग्रॅम. त्याला साधा गूळ १५० ग्रॅम, २ चमचे पाणी, २ चमचे तूप, चिमूटभर मीठ, आणि असेल तर २ मोठे चमचे पीनट बटर गॅस बंद केल्यावर. त्या पीनट बटरमुळे बार दुसऱ्या दिवशीही चावायला सोपा राहतो. ओट्समधले निम्मे मिक्सरला एकदाच फिरवून घे, ती भरड फटींमध्ये बसते आणि भुगा होत नाही.

गणंग_चाळणारी:
वरच्या ताईंनी पाकाचं अगदी बरोबर सांगितलंय, मी फक्त लाह्यांचं सांगते. ज्वारीच्या असोत की राजगिऱ्याच्या, आधी चाळून घ्या. तळाशी न फुटलेले दाणे बसतात, गणंग, ते पाकात घट्ट बसले की मुलांच्या दाताखाली कडकन येतात. नागपंचमीला लाह्या आणायच्या तेव्हा आमच्या आजी सुपात घोळून गणंग काढल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. राजगिऱ्याच्या लाह्या तर इतक्या हलक्या की ओट्सपेक्षा लवकर बांधल्या जातात, उपासाच्या वड्या त्याच्याच होतात. मुलीला राजगिरा आवडत असेल तर निम्म्या ज्वारीच्या, निम्म्या राजगिऱ्याच्या घालून बघा.

आणि कोरडं सगळं गरम असतानाच पाकात घाला हो! हे फार महत्त्वाचं. ओट्स मंद गॅसवर ७-८ मिनिटं भाजले, लाह्या शेवटी २ मिनिटं गरम केल्या की पाक त्यावर नीट पसरतो. गार लाह्यांवर पाक पडला की जागच्या जागी थिजतो, मग काही ठिकाणी गुठळ्या आणि काही ठिकाणी कोरडं. तुमचा पहिला भुगा गूळ कमी पडल्यामुळे झालाच, पण थोडा यामुळेही झाला असणार.

लोणावळ्याजवळचा:
आमच्याकडे चिक्कीत पाक झाल्यावर चिमूटभर खायचा सोडा घालतात, त्याने पाक फुलून येतो आणि खुसखुशीत होतो. बारलाही घालून बघा, दगड होणार नाही.

पाकाची_गोळी:
सोडा चिक्कीला ठीक आहे, तिथे पाक कडकच हवा असतो आणि सोड्याने त्याला जाळी पडून तो कुडुमकुडुम तुटतो. इथे बार मऊसर आणि चिवट राहायला हवाय. मी एकदा घातला होता, रंग काळपट आला आणि कडेने तुटायला लागले. मी तरी घालणार नाही.

खजूरप्रेमी:
पाक नकोच असेल तर खजुराचे कर ना, मी पुण्यात एकटा राहतो आणि दर रविवारी हेच करतो. मऊ काळा खजूर बिया काढून २०० ग्रॅम, मिक्सरला फिरवायचा, कढईत चमचाभर तुपावर ३-४ मिनिटं परतायचा, त्याचा गोळा व्हायला लागतो. मग त्यात भाजलेले ओट्स, लाह्या, भोपळ्याच्या बिया, भाजलेले तीळ, जे असेल ते १२०-१५० ग्रॅमपर्यंत. मळून ताटात थापायचं, तासभर फ्रीजमध्ये, मग कापायचं. गोडाला वेगळं काही लागत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात टिकतात, पण दुपारपर्यंत दप्तरात राहिले तर मऊ पडतात हे खरं, एकेक वेगळा गुंडाळून दे. कुरकुरीत हवा असेल तर मात्र तुझा गुळाचाच बरा.

न्यूजर्सीची_काकू:
इथे अमेरिकेत याच जातीतला सगळ्यात घरोघरी होणारा प्रकार म्हणजे राईस क्रिस्पीचे चौकोन. बटर वितळवायचं, त्यात मार्शमेलो, मग तांदळाचे फुगवलेले सीरियल, ट्रेमध्ये दाबून कापायचं, दहा मिनिटांत तयार. १९३९ साली केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात हे निघालं आणि अजून शाळांच्या बेक सेलला तेच असतं. पण बऱ्याच मार्शमेलोंमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, आपल्या शाकाहारी घरात चालत नाही. म्हणून मी माझ्या मुलांना तेच सीरियल आणि गुळाचा मऊ पाक असं करून देत आले. त्यातली एकच गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही: दाबताना बेतानेच दाब. वाटीच्या बुडाला तूप लावून सगळीकडे सारखं, घट्ट पण लाह्या चुरडतील इतकं नाही. आणि कोमट असतानाच सुरीने खुणा कर, गार झाल्यावर कापलं तर कडा तुटतात.

अजून एक, डब्यातून शाळेत जाणार आहे म्हणून सांगते. मुलं एकमेकांचं खातात आणि एखाद्याला दाण्याची ॲलर्जी असू शकते, वर्गात एकदा विचारून घे. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर गुळाऐवजी मध घातलेला प्रकार त्याला अजिबात चाटवायचा नाही.

कोकणातला_पाऊस:
तिसऱ्या प्रॉब्लेमवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही रत्नागिरीचे, जून ते सप्टेंबर घरात मीठसुद्धा पाणी सोडतं. गूळ हवेतलं पाणी ओढतो, लाह्याही ओढतात, मग मऊ पडणारच. त्याला उपाय एकच, हवा लागू द्यायची नाही. बार पूर्ण गार होऊ द्यायचे, पंख्याखाली तासभर तरी. कोमट भरले तर झाकणाला आतून वाफ धरते आणि तेच पाणी त्यांच्यावर पडतं. मग बटर पेपरला तुपाचा हात फिरवून एकेक गुंडाळायचा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसात एका वेळी ४-५ दिवसांचेच करा, उन्हाळ्यात पंधरा दिवस टिकतात. आणि रोज डबा उघडून शाळेला देण्यापेक्षा रविवारीच पाच दिवसांचे पाच छोट्या डब्यांत घालून ठेवा, मोठा डबा सारखा उघडला जात नाही.

गणंग_चाळणारी:
एक राहिलं. गूळ घरचा म्हणून कितीही चालतो असं नाही हं. १५० ग्रॅम गुळाचे सोळा तुकडे पाडले तर एकात ९-१० ग्रॅम येतो, म्हणजे दोन चमचे साखरेएवढा. खेळायच्या आधी एक ठीक आहे, दोन नकोत, सोबत केळं द्या.

डबा_रोजचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाकाची_गोळीताईंच्या प्रमाणाने केले, राजगिरा आणि ज्वारी निम्मे निम्मे. काटा शेजारच्या काकूंकडून आणला. थेंब पाण्यात टाकत बसले, चौथ्या थेंबाला मऊ गोळी जमली, हात थरथरत होता खरं सांगते, लगेच गॅस बंद केला. लाह्या चाळल्यावर पाव वाटी गणंग निघाले! आठ इंची डब्यात थापून कोमट असताना सोळा खुणा केल्या, सकाळी सुटले ते सोळाच्या सोळा अख्खे, फक्त एक कोपरा तुटला, तो लेकीने दात घासायच्या आधीच उचलला. आज एक बार आणि एक केळं दिलंय. वर्गात ॲलर्जीचं विचारायला तिच्या बाईंना मेसेज केलाय, उत्तर येईपर्यंत पुढच्या खेपेला दाण्यांऐवजी भोपळ्याच्या बिया आणि तीळ घालीन म्हणते. तेव्हा पीनट बटरही जाणार, मग मऊ राहायला तूप वाढवू का तिळाचीच पेस्ट करून घालू?

पाकाची_गोळी:
तिळाची पेस्टच घाल. ६० ग्रॅम तीळ मंद भाजून, गार करून मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरव, त्यातले २ मोठे चमचे घे. तूप वाढवलंस तर पाक बिया धरत नाही.