‘जोडणी सोपवणे’ म्हणावे की ‘नाव लावणे’?

पंचवटीकर:
सर्व्हरविषयीच्या टिपणांचा अनुवाद करताना एका क्रियापदापाशी अडलो आहे. एक प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) आलेली नेटवर्क जोडणी स्वीकारते आणि युनिक्स डोमेन सॉकेटवरून, म्हणजे एकाच संगणकावरील प्रोसेसमधल्या संवादमार्गाने, दुसऱ्या प्रोसेसला देते. या देण्याला मी ‘हस्तांतरण’ म्हटले होते. परंतु तपासणाऱ्या मित्राने ते खोडले, कारण दिल्यानंतरही पहिलीचा डिस्क्रिप्टर (उघड्या जोडणीसाठी प्रोसेसकडे असलेला क्रमांक) उघडाच राहतो आणि तिने तो स्वतः बंद करेपर्यंत जोडणीवरचा तिचा हक्क सुटत नाही. मग कोणता शब्द योजावा?

सिडकोवासी:
‘सुपूर्द करणे’ लिहावे. ‘सोपवणे’ हे त्याचेच घरगुती रूप आहे.

भाषाप्रेमी, भगूर:
मुळीच नाही. ‘सुपूर्द’ फारसीतून आला आणि ‘सोपवणे’ संस्कृत ‘समर्पय’पासून, ध्वनिसाम्यावरून नाते जोडू नये. सावरकरांच्या गावचा माणूस म्हणून मी ‘समर्पण’ सुचवतो.

सिडकोवासी:
रामकुंडात सोडलेला दिवा कोणी परत मागत नाही. येथे तर देणाऱ्याच्या हाती सर्व काही शिल्लक राहते.

निफाडकर:
आमच्याकडे वडिलांनी हयातीतच आम्हा भावांची नावे सातबाऱ्याला लावली, तरी त्यांचे नाव कायम होते. येथेही तसेच घडते. पाठवणाऱ्याकडे ७ क्रमांकाचा असलेला डिस्क्रिप्टर घेणाऱ्याकडे ४ क्रमांकाचा होऊ शकतो, कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, क्रमांक पाठवत नाही, तर त्याच उघड्या जोडणीवर नवी नोंद करतो. फोर्कने, म्हणजे एका प्रोसेसने स्वतःची प्रत काढून, जन्मलेल्या प्रोसेसला असे डिस्क्रिप्टर वारसाने मिळतात. नाते नसलेल्या प्रोसेसचे मात्र असे नावच लावावे लागते.

सिडकोवासी:
जमिनीचे हिस्से पडतात, जोडणीचे पडत नाहीत. एका प्रोसेसने वाचलेले बाइट दुसरीला मिळत नाहीत, आणि एकीने सॉकेट (जोडणीचे टोक) नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे माहितीसाठी थांबून न राहणारे, केले की ते दुसरीसाठीही तसेच होते. त्यामुळे मला ही शेतापेक्षा सामाईक विहीर वाटते.

पंचवटीकर:
विहीर पटली, तरी क्रियापद मिळालेच नाही. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये ही सोय आली तेव्हा तिला ‘प्रवेशहक्क’ अशा अर्थाचे नाव होते, आणि डिस्क्रिप्टर पाठवणाऱ्या संदेशाच्या आजच्या ‘एससीएम_राइट्स’ या नावामध्येही हक्कच आहे. म्हणून ‘हक्क देणे’, आणि डिस्क्रिप्टर बंद करणाऱ्या क्लोजसाठी ‘हक्कसोड’ कसे वाटते? शेवटच्या धारकाने हक्क सोडल्याशिवाय जोडणी आपोआप मिटत नाही, हेही त्यातून कळेल. पाठवणारी प्रोसेस आपली प्रत बंद करायला विसरली, तर पलीकडचा क्लायंट जोडणी संपल्याची खूण मिळण्याची वाट पाहत ताटकळतो; अनुवादात नेमके हेच निसटत होते.

भाषाप्रेमी, भगूर:
‘हक्क’ अरबी आहे. ‘अधिकारदान’ म्हणावे.

निफाडकर:
मग तलाठ्याकडे ‘अधिकारत्यागपत्र’ मागून पाहा, चहासुद्धा मिळणार नाही.

सिडकोवासी:
एक शंका राहून गेली. ‘सातबाऱ्याला’ नाव लावतात की ‘सातबाऱ्यावर’? माझ्या आजोळी, दिंडोरीकडे, ‘वर’ म्हणतात.

निफाडकर:
दिंडोरीकडे काय म्हणतात ते ठाऊक आहे. माझी सासुरवाडी तिथलीच, आणि तिथेही ‘ला’च म्हणतात.